कळ्ळो फरक?

“वयनी, हेका कांयच जोडूक ना.”

रॅकच्या मागून कृष्णनाथचा आवाज आला आणि चहाचा ट्रे हातात घेऊन आलेली गौरवी आतल्या खोलीच्या दारातच थांबली. कृष्णनाथ गुडघे टेकून, मोबाइलची बत्ती पेटवून, भिंत आणि रॅक यांच्यामधल्या फटीत डोकं घालून बसला होता. “कशाला?” तिने विचारलं. “ह्या विजेच्या कंडिशनराक. दिवो पेटता, व्होल्टेज दाखयता, पूण मागल्यो सगळ्यो सॉकेटी रिकाम्यो. अँप, प्लेअर, सगळें सरळ भिंतीच्या बोर्डाक लायलां.” तो बाहेर आला, त्याच्या केसांना कोळ्याचं जाळं लागलं होतं. “देवेशबाबान वाहून वाहून हाडलेली वस्त. आनी रिकामी?” तिने ट्रे स्टुलावर ठेवला. एका कपातला चहा बशीत सांडला होता. तो आता सांडला की स्वयंपाकघरातून येतानाच सांडला होता, हे तिला आठवेना.

कृष्णनाथचं धारगळला हमरस्त्याला लागून हार्डवेअरचं दुकान होतं. गाण्याच्या नादामुळे देवेशची आणि त्याची फोनवर ओळख झाली आणि पुढे ती बरीच वाढली, पण डिचोलीच्या या घरी तो याआधी एकदाच आला होता, फेब्रुवारीत, देवेश गेल्यावर चौथ्या दिवशी. तेव्हा तो बाहेरच्या खोलीत खाली मान घालून अर्धा तास बसला आणि उठून गेला. आज तो सामान न्यायला आला होता. पुण्याहून ऋतिका दर रविवारी फोनवर म्हणायची, “मम्मा, ती खोली मोकळी कर. तू तिथे जातेस आणि नुसती बसतेस.” हे खरं नव्हतं. गौरवी तिथे बसत नसे. शनिवारी शाळा लवकर सुटली की ती ओल्या फडक्याने सगळं पुसायची. प्लेअरचं काचेचं झाकण, दोन उंच स्पीकर, आणि सगळ्यांत खाली ती जड काळी पेटी, जिच्या तोंडावर एक हिरवा दिवा होता आणि एका छोट्या चौकोनात २२८, २३१, २३० असे आकडे हलत असत. देवेश गेल्यावरही तिने तो दिवा बंद केला नव्हता. गेल्या वर्षीच्या दसऱ्यालाही देवेशने हत्यारांच्या पूजेत पेटीवर झेंडूचं फूल ठेवलं होतं. म्हणजे त्या दिवशीही ती रिकामीच होती. गौरवीने मनात मागे मागे जायला सुरुवात केली. चतुर्थी, त्याआधीचा पाऊस, त्याआधीचा मे. कधीपासून?

भिंतीतली वीज गाळून, तिच्यातला गाळ काढून पुढच्या यंत्रांना देणारी पेटी, असं देवेशने ऋतिकाला समजावलं होतं. आपण नळाचं पाणी फडक्यातून गाळतो ना, तसं. गौरवीला समजावायची गरज नव्हती. ती बावीस वर्षांची असताना धारगळला तिच्या माहेरी देवेश तिला बघायला आला, तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळे गप्प बसले होते आणि वर पंखा घुमत होता. कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून त्याने विचारलं, गाणं शिकतेस म्हणे. ती म्हणाली, हो. आणि मग, का कोण जाणे, म्हणाली, “हो पंखो काळी एकच्या पंचमाक घुमता. पूण मातसो उतरलो आसा.” तिचे बाबा ओशाळून हसले. देवेश मात्र खुर्चीत पुढे सरकला. तो तेव्हा सुर्ल्याच्या खाणीवर, खनिज धुण्याच्या प्लांटात इलेक्ट्रिशियन होता. “तो पंखो न्हय,” तो म्हणाला, “ती वीज. पन्नास सायकल. आख्ख्या गोंयात होच सूर वाजता, पूण माका तो आयकूंक येणारें माणूस आजच मेळ्ळें.” परत जाताना त्याने आपल्या आईला स्कूटरवरच होकार सांगितला, असं सासूबाई नंतर कौतुकाने सांगायच्या. गुरुजींकडे तंबोरे लावायचं काम गौरवीकडेच असे. लग्नानंतर गाणं हळूहळू सुटलं. त्यात कोणाचा दोष नव्हता. शाळेची नोकरी, ऋतिका, सासूबाईंचं आजारपण. पण कान राहिले. आणि त्या कानांचा देवेशइतका मान दुसऱ्या कोणीच ठेवला नाही. नवी सुई आणली, स्पीकर चार बोटं मागे सरकवले, की तो तिला हाताला धरून आणायचा, खुर्चीवर बसवायचा आणि आपण जमिनीवर बसून तिच्या तोंडाकडे बघायचा. “कळ्ळो फरक?” आणि ती सांगायची. मघाशी तबला जवळ होता, आता लांब गेला. मघाशी गाणाऱ्या बाईंचा आवाज नाकात होता, आता मोकळा झाला. तो लगेच उठून स्पीकर पुन्हा सरकवायचा. तिने सांगितलं म्हणजे संपलं. मग तो स्वतःच्या कानांना विचारायचाही नाही.

“वयनी, च्या निवता,” कृष्णनाथ म्हणाला. त्याने स्वतःचा कप घेतला होता. ती “हो” म्हणाली आणि तशीच उभी राहिली. शेजारच्या गल्लीत ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंग चालू होतं, मधूनच चर्र असा आवाज येत होता. हा कारखाना आला तेव्हापासून देवेश वैतागायचा. ते वेल्डिंग करतात आणि माझ्या तंबोऱ्यात माशा शिरतात, असं म्हणायचा. पण ते पुढचं. त्याआधी खाणी बंद झाल्या. एका सप्टेंबरात सुर्ल्याचे ट्रक रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते उभेच राहिले, आणि सकाळी सातला डबा घेऊन जाणारा देवेश घरी राहायला लागला. मोटारी, पंप दुरुस्त करायला जायचा, पण रोज काम नसे. ती शाळेतून येई तेव्हा ही खोली आतून बंद असे, आत गाणं चाललेलं असे. तिने कधी तक्रार केली नाही. पुरुषाने दारू प्यावी त्यापेक्षा हे बरं, असं शेजारणीसुद्धा म्हणायच्या.

त्यानंतर दीड वर्षाने, मार्चमधल्या एका दुपारी, परीक्षेच्या देखरेखीवरून ती अडीच वाजता घरी आली. मोबाइल नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांच्या कपाटात होता आणि बॅटरी संपून मेला होता. बाहेरच्या खोलीत घरचा फोन होता, त्याच्या छोट्या पडद्यावर दिवा लुकलुकत होता. तिने बटण दाबलं. धारगळचा नंबर. पुन्हा धारगळचा नंबर. नऊ वेळा. पहिला साडेबाराचा. आणि तेवढ्यात आतलं दार उघडून देवेश बाहेर आला, आनंदाने फुललेला, तिच्या हातात फोन आहे हे न बघताच म्हणाला, “आयलंस? ये गो, एक आयक.”

स्कूटरवर दोघं धारगळला पोचली तेव्हा बाबा जाऊन वीस मिनिटं झाली होती. आई, कमलाक्षी, उंबऱ्याजवळ बसली होती. ती रडत नव्हती. ती सांगत होती, एकसारखी, प्रत्येकाला तेच सांगत होती की ते दर खेपेला विचारत होते, गौरू येता मगो? आणि मी म्हणत होते, फोन लायलां, येतलें. नऊ खेपे लायलो गो. गौरवीच्या डोक्यात एक सोपं गणित घट्ट बसून राहिलं. साडेबारा. घरापासून शाळा पाच मिनिटं, शाळेपासून धारगळ पाऊण तास. देवेशने एकदा जरी उचलला असता. बारावं करून परत येताना, वाटेत स्कूटर थांबवून, तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि हेल्मेट न काढताच रडला. “माका आयकूंकच येवंक ना गो, गौरवी. दार बंद आशिल्लें. माका आयकूंकच येवंक ना.” ती म्हणाली, “आसूं दी.” तिने त्याच्या पाठीवर हातही ठेवला. तिला वाटलं, संपलं. खरंच तसं वाटलं होतं. तिच्या मनात काही काळंबेरं होतं असं तिला त्या वेळी माहीतही नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी त्याने मागच्या परसात खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, असा थरांवर थर घालून त्याने घरासाठी नवं अर्थिंग केलं, दोन दिवस उन्हात एकटा राबला. मग हातपाय धुऊन तिला खुर्चीवर बसवलं, रेकॉर्ड लावली आणि जमिनीवर बसून तिच्याकडे बघितलं. घुमणं गेलं होतं. तो पंचम, तो किंचित उतरलेला, इतकी वर्षं गाण्याच्या तळाशी पडून असलेला सूर, जवळजवळ नव्हताच. खोली हलकी झाली होती. “कळ्ळो फरक?” त्याने विचारलं. आणि गौरवी म्हणाली, “ना.” आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. तो म्हणाला, नीट आयक, परत लायतां. तिने नीट ऐकलं. “ना. माका तर कळना.” त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी खाली उतरलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, तवा ठेवला, आणि तिला एकदम भूक लागली. किती दिवसांनी लागली होती.

मग ते चालूच राहिलं. त्यावरून भांडण कधी झालं नाही. घरात सगळं नीट चाललं होतं, ऋतिकाची दहावी झाली, बारावी झाली, सासूबाई गेल्या, दोघांनी मिळून सगळं केलं. फक्त त्या खुर्चीवर बसलं की ती म्हणायची, ना. त्याने या खोलीसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढली. ना. फ्रिज चालू होताना स्पीकरमध्ये टक् व्हायचं, ते त्याने घालवलं. ना. तो आणखी कशाच्या तरी मागे लागायचा, पुस्तकं वाचायचा, लोकांना फोन करून विचारायचा, आणि काही महिन्यांनी पुन्हा तिला हाताला धरून आणायचा. सहा वर्षांपूर्वी बेंगळुरूहून ही काळी पेटी आली. ती त्याने आणि टेम्पोवाल्याने दोघांनी धरून आत आणली. त्या दिवशी त्याने भीमपलासी लावला होता. पहिल्यांदा भिंतीच्या विजेवर, मग पेटीतून. आणि पेटीतून तो आवाज आला तेव्हा गौरवीच्या अंगावर सरसरून काटा आला. तंबोऱ्याच्या तारा एकेक सुट्या झाल्या होत्या. बाईंनी समेवर येण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला, एका वयस्क बाईचा, थोडा दमलेला श्वास, इतका जवळ की मान वळवली तर दिसेल. गुरुजींची माडीवरची खोली तिच्यासमोर उभी राहिली, मांडीवर आडवा तंबोरा, खुंटीवर तिचा स्वतःचा हात. डोळे भरून आले म्हणून ती उठून खिडकीशी गेली. “कळ्ळो फरक?” मागून आवाज आला. या वेळी त्यात नेहमीचा उत्साह नव्हता, ती जवळजवळ विनवणी होती. परसातल्या खड्ड्यावर गवत माजलं होतं. तिने तिकडे बघत म्हटलं, “ना.”

आणि मग दोनेक वर्षांपूर्वी त्याने विचारायचं सोडलं. तिला बरं वाटलं होतं. सुटले, असं वाटलं होतं. त्याच सुमारास एकदा वह्या तपासताना आतून येणारं गाणं तिला खरबरीत लागलं, जात्याखाली खडा आल्यासारखं, आणि तिने हातातलं पेन ठेवलं. माझे कान गेले की काय, असं तिच्या मनात आलं. पन्नाशी जवळ आली होती, आईचंही असंच सुरू झालं होतं. तिने पेन पुन्हा उचललं. आत जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर इतकी वर्षं ऐकू येत होतं हे कबूल करावं लागलं असतं. फेब्रुवारीत, आमोण्याला नदीकाठच्या एका शेतात पंप दुरुस्त करताना देवेश बांधावर बसला आणि तसाच कलंडला. शेतमालकाने देवेशच्या फोनवरून तिला सहा वेळा फोन केला. ती पाचवीच्या वर्गात होती, फोन पर्समध्ये होता, आवाज बंद. तिला कोणी काही म्हणालं नाही. सगळे म्हणाले, तुका कसो आयकूंक येतलो.

“माका वाटलें तो मस्करी करता,” कृष्णनाथ म्हणत होता. तो आता स्टुलावर बसला होता. “दोन वर्सां जालीं. हांवूय कंडिशनर घेवपाचो आशिल्लों, म्हणून तेका फोन केलो, खंयचो घेवं? तर म्हणता, घेव नाका. म्हटलें, तुजेकडे आसा मरे! तर म्हणता, माका वाटता फरक पडटा, दर खेपे वाटता, पूण ते माज्या मनाचे खेळ. आमच्या घरांत कान आसात ते गौरवीचे. ती म्हणता ना, म्हणजे ना. हांवें काडून दवरला.” तो थोडा हसला. “दिवो तेवडो पेटत दवरलेलो दिसता. बंद दवरलो तर आमच्या दमट हवेन आंतलें सगळें कुसता.” त्याने कप खाली ठेवला. “तर वयनी, हाचें कितें करूं? हो व्हरूं काय नाका? तो स्वता ना म्हणालो. आनी हांव हो असोच व्हरून गाडी भरपाचो ना. एकदां लावन पळयतां. तुमीय आयकात. तुमचे कान, तो म्हणटालो—” वाक्य पुरं न करता तो रॅकमागे गेला.

तिने नको म्हणायला हवं होतं. ती खुर्चीवर बसली. ती खुर्ची आठ महिने कोणी हलवली नव्हती. कृष्णनाथने रेकॉर्ड शोधल्या नाहीत, प्लेअरवर होती तीच लावली. तो भीमपलासीच होता. आधी भिंतीच्या विजेवर. तंबोऱ्यामागे पीठ उडाल्यासारखा धुरळा, वेल्डिंगची चरचर, बाईंचा आवाज कडेला फाटलेला. असं तो ऐकत होता. दोन वर्षं. त्याला ते बोचत असणार, नक्की बोचत असणार, आणि दर वेळी तो स्वतःला समजावत असणार की हे आपल्या मनात आहे. मग कृष्णनाथने सगळ्या पिना काढून पेटीत घातल्या, सुई परत सुरुवातीला ठेवली. तारा सुट्या झाल्या. आवाजामागे काळोख पसरला, विहिरीत वाकून बघावं तसा स्वच्छ, गार काळोख. तिने ओंजळीत तोंड धरलं. श्वास कुठे येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिथेच तो आला.

कृष्णनाथने आवाज कमी केला. “माका वाटता फरक आसा,” तो चाचरत म्हणाला. “पूण तुमी सांगात. खरें सांगात हां, वयनी. कळ्ळो फरक?”

“कळ्ळो,” गौरवी म्हणाली. एवढा एक शब्द बोलल्यावर तिला दम लागला. “व्हरात हो. फरक आसा. पयल्या दिसासावन आशिल्लो. माका आयकूंक येतालो.”

कुठे बघावं ते कृष्णनाथला कळेना. त्याने रिकामा कप उचलला, पुन्हा ठेवला. रेकॉर्डवर बाई हलक्या आवाजात गात होत्या. “मगे तेका सांगूंक ना कित्याक?” त्याने शेवटी विचारलं. त्याच्या आवाजात दोष नव्हता, ज्याला खरंच समजत नाही अशा माणसासारखं त्याने विचारलं होतं, आणि म्हणूनच उत्तर द्यावं लागलं.

तिने नऊ फोनांची गोष्ट सांगितली नाही. सांगायला गेली तर ती फार छोटी वाटेल, अशी तिला भीती वाटली. “तो विचारी, हांव ना म्हणी,” ती म्हणाली. “माका वाटलें, तो विचारीत रावतलो. केन्ना तरी एक दीस सांगन हांव. घाय कितें आसा? आनी मागीर तेणें विचारूंक सोडलें तें माका बरें दिसलें, बाबा. बरें दिसलें.”

कृष्णनाथ म्हणाला, “वयनी, आज रावूं दी. हांव मागीर येतां, चवथ जावं, दिवाळी जावं, केन्नाय.” चतुर्थी होऊन गेली होती, ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. तिने मान हलवली. न्यायला सांगितलं. आयकपी मनशाच्या घरांत आसूं दी, असं काहीसं ती म्हणाली. मग दोघांनी मिळून सामान बाहेर काढलं. पेटी उचलताना तिने दुसऱ्या बाजूने हात लावला, त्याने नको नको म्हटलं तरी. दिवा विझला होता. पिकअपच्या हौद्यात जुन्या गाद्या होत्या, त्यांच्यावर त्याने ती लहान मूल निजवावं तशी ठेवली. गाडी बाजाराच्या वळणाला दिसेनाशी झाली तेव्हा साडेचार वाजले होते.

ती बाहेरच्या खोलीत बसली. वेल्डिंग थांबलं होतं. तिने फोन घेतला आणि धारगळला लावला. आई एकोणऐंशीची झाली होती, कानातलं यंत्र तिला टोचायचं म्हणून ते कायम खणात पडलेलं असे. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला. “कोण गो? गौरू?”

“आई, हांव. आई, हांवें देवेशाक फट सांगली.”

“कितें?”

“फट सांगली गो! खोटें सांगलें! अकरा वर्सां!”

“मोठ्यान उलय मगो, आयकूंक येना.”

गौरवी उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या, रस्त्यावरून शेजारीण भाजी घेऊन चालली होती. “फरक आशिल्लो गो आई!” ती ओरडली. “माका कळटालो! फरक आशिल्लो!” शेजारीण थबकली आणि खिडकीकडे बघायला लागली. “फरक! आई, फरक!”

“बारीक?” आई म्हणाली. “बारीक जालंस? जातलंच. सांगून सांगून थकलें हांव. एकटें आसा म्हणून रांदूंक कंटाळो करू नाका. आज कितें रांदलां? शीत-कढी तरी केलां मगो?”

गौरवीने तोंड उघडलं, आणखी एकदा सांगायला, आणि तिला कळलं की आपला आवाज बसला आहे.

“हय,” ती म्हणाली. “केलां.”

“कितें?” आई म्हणाली.